मार्बेयात व्हिला घेताना : कोणतं काम आधी, कोणतं नंतर

मला येणाऱ्या फोनची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्याने होते : "व्हिला पक्का केलाय, टोकन दिलंय, आता पुढे काय करायचं?" आणि दर वेळी मला तेच सांगावं लागतं, की पुढे करायच्या कामांपैकी निम्मी कामं टोकन देण्याआधीच करायची होती. व्हिला चुकीचा निवडल्यामुळे लोक अडकलेले मी कमी पाहिले. क्रम चुकल्यामुळे अडकलेले मात्र बरेच पाहिले. आमच्या स्वतःच्या घरातही तेच झालं. ती गोष्ट सातव्या टप्प्यात येईल.

मार्बेया (इंग्रजी बोलणारे मार्बेला म्हणतात) स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, मालागा प्रांतात आहे. हा लेख भारतात राहणाऱ्या कुटुंबांसाठी आणि लंडन, दुबई, जर्मनी अशा ठिकाणी स्थायिक झालेल्यांसाठी लिहिला आहे. दोघांच्या वाटा मुख्यतः दुसऱ्या टप्प्यात वेगळ्या होतात, बाकी बहुतेक सगळं सारखंच आहे.

## टप्पा १ : व्हिला कशासाठी हवा आहे ते आधी ठरवा

घर घेतलं की व्हिसा मिळतो असं अजूनही अनेकांना वाटतं. ५ लाख युरोंच्या घरावर निवासाचा परवाना देणारी स्पेनची गोल्डन व्हिसा योजना ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाली आहे. व्हिला ५० लाख युरोंचा असला तरी भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा काढूनच जावं लागेल, आणि कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येईल. जास्त राहायचं असेल तर नोकरी-धंदा न करता राहण्याचा व्हिसा वेगळा आहे. त्यासाठी मुख्य अर्जदाराचं महिन्याला २,४०० युरो आणि सोबतच्या प्रत्येक व्यक्तीमागे आणखी ६०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं. त्याचा घराच्या मालकीशी संबंध नाही.

दुसरा हेतू भाड्याचा. सुट्टीत येणाऱ्यांना घर द्यायचं असेल तर आंदालुसिया या स्वायत्त प्रदेशाच्या (मालागा प्रांत त्यातच येतो) सरकारच्या पर्यटन नोंदवहीत नाव लागतं. शिवाय ३ एप्रिल २०२५ पासून, घर मालक-संघाच्या हद्दीत असेल तर संघाची तीन-पंचमांश मतांची मंजुरी आधी लागते. व्हिला स्वतंत्र असला तरी कुंपणाच्या आतल्या वसाहतीत बहुधा असा संघ असतोच. भाड्याच्या हिशोबावर घेणार असाल तर हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

> थांबा. युरोपीय संघाबाहेरच्या अनिवासी खरेदीदारांवर घराच्या किमतीच्या १०० टक्क्यांपर्यंत कर लावण्याचा प्रस्ताव स्पेनच्या पंतप्रधानांनी जानेवारी २०२५ मध्ये मांडला होता. कोणतीही सही करण्याआधी त्याची त्या दिवशीची स्थिती वकिलाकडून लेखी घ्या.

## टप्पा २ : पैशाचा रस्ता

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि इथली चूक नंतर दुरुस्त करणंही सगळ्यात कठीण.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर परदेशी पाठवता येतात. मार्बेयातले चांगले व्हिला दहा-पंधरा लाख युरोंच्या पुढे असतात, त्यामुळे एकट्याच्या मर्यादेत काही बसत नाही. मग घरातल्यांच्या मर्यादा एकत्र करायच्या. कायदा त्याला परवानगी देतो, पण एका अटीवर : ज्याच्या खात्यातून पैसे गेले, त्याचं नाव खरेदीखतावर सहमालक म्हणून आलं पाहिजे. आई-वडिलांच्या नावे पैसे पाठवून घर फक्त मुलगा-सुनेच्या नावे केलं, तर तो फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, भंग होतो. हे लोकांना खरेदीखताच्या आठवड्यात कळतं. तोवर पैसे जाऊन बसलेले असतात आणि मसुदा दोनच नावांनी तयार असतो.

म्हणून पहिलं काम हे करा. एका कागदावर सहमालकांची नावं लिहा, आणि प्रत्येकापुढे कोणत्या आर्थिक वर्षात किती रक्कम जाणार ते मांडा. चार सहमालक असतील तर वर्षाला १० लाख डॉलर होतात. इसार मार्चमध्ये आणि उरलेली रक्कम १ एप्रिलनंतर पाठवली, तर दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात. आम्ही तसंच केलं : मी, माझे यजमान, धाकटे दीर आणि जाऊबाई. पण त्यालाही एक कुंपण आहे. एलआरएसखाली पाठवलेले पैसे १८० दिवसांत गुंतवले नाहीत, तर परत आणावे लागतात. म्हणजे घर ठरलेलं नसताना "वर्षाची मर्यादा वाया जाऊ नये" म्हणून मार्चअखेर सगळे पैसे स्पेनमध्ये नेऊन ठेवले, तर सप्टेंबरअखेरच्या आत व्यवहार पुरा व्हायलाच हवा.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो आगाऊ कर. माणशी १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कापून घेते. एकाने २ कोटी १० लाख पाठवले तर वरच्या २ कोटींवर ४० लाख, चौघांचे मिळून १ कोटी ६० लाख. हे पैसे बुडत नाहीत. आयकरात वळते होतात किंवा परतावा मिळतो. पण त्याला वेळ लागतो, आणि तोवर तेवढी रोख तुमच्या हातात नसते. ऐनवेळी इथेच गणित कोलमडतं. बजेट करताना टीसीएस "व्हिलाच्या किमतीव्यतिरिक्त अडकणारी रक्कम" म्हणून वेगळ्या ओळीत लिहा.

लोक हमखास करतात अशा काही गोष्टी :

- कर्ज काढून पैसे पाठवणं. एलआरएसखाली मालमत्तेसाठी पैसे पाठवायला भारतातली बँक कर्ज देऊ शकत नाही. पुण्यातलं घर तारण ठेवून मार्बेयात घर घ्यायचा बेत इथेच थांबतो.
- नवीन बँकेत खातं उघडून तिथून पाठवणं. अशा व्यवहारासाठी खातं किमान वर्षभर जुनं असावं अशी अपेक्षा असते. नवीन असेल तर बँक जुन्या खात्याचे उतारे मागते आणि दोन-तीन आठवडे जातात.
- टोकन क्रेडिट कार्डने भरणं. कार्ड प्रवासखर्चासाठी आहे, मालमत्तेसाठी नाही. एजंट कार्ड-मशिन पुढे करतो आणि लोक स्वाइप करून मोकळे होतात. नंतर खुलासा मात्र तुम्हाला द्यावा लागतो.
- पुण्या-मुंबईतलं घर विकून आलेला नफा इथे गुंतवून करसवलत धरणं. ती सवलत भारतातलं घर घेतलं तरच मिळते.

स्पेनमधल्या बँका अनिवासींना गृहकर्ज देतात, जाहिरातीही असतात. भारतात राहणाऱ्याने असं कर्ज घेणं फेमात बसतं का, याचं लेखी मत सीएकडून घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

परदेशात स्थायिक असलेल्यांना एलआरएसची मर्यादा नाही. तिथल्या कमाईतून ते थेट घेऊ शकतात. भारतातल्या एनआरओ खात्यातले पैसे वापरायचे असतील तर वर्षाला १० लाख डॉलरची वेगळी मर्यादा आहे.

> तपासा. सहमालकांची नावं, पासपोर्टवरचं स्पेलिंग, कोण किती आणि कधी पाठवणार, टीसीएस किती अडकणार. हा एक पानाचा तक्ता सीएने पाहून सही केल्याशिवाय तिसऱ्या टप्प्याकडे जाऊ नका.

## टप्पा ३ : एनआयई आणि मुखत्यारपत्र

एनआयई म्हणजे परदेशी व्यक्तीचा ओळख क्रमांक. तो नसेल तर खरेदीखतानंतरचा कर भरता येत नाही आणि वीज-पाण्याची नावंही बदलत नाहीत. प्रत्येक सहमालकाचा वेगळा काढावा लागतो. मुंबईतल्या स्पेनच्या महावाणिज्य दूतावासात ईएक्स-१५ हा अर्ज आणि ७९० क्रमांकाच्या फॉर्मवरचं छोटं शुल्क भरून तो मिळवता येतो. दुसरा मार्ग म्हणजे मुखत्यारपत्र देऊन वकिलाकडून स्पेनमध्येच काढून घेणं.

आपल्याकडची खास अडचण नावांची. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे, कुणाच्या नाही. कुणाचं आडनावाचं खानं रिकामं आहे. लग्नानंतर पासपोर्ट बदलला पण पॅनवर माहेरचं नाव तसंच आहे. एनआयईवर, बँकेत आणि खरेदीखतात नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर सारखं हवं. आमच्या जाऊबाईंच्या पॅनवर आणि पासपोर्टवर वेगळी नावं होती. ते निस्तरायला सहा आठवडे गेले, आणि त्या सहा आठवड्यांत घरात कुणाला नीट झोप नव्हती. फरक असेल तर पॅन दुरुस्ती सगळ्यात आधी करा.

मुखत्यारपत्र (तिथे *पोदेर*) देण्याची सोपी जागा म्हणजे मार्बेया किंवा मालागातलाच नोटरी. घरं बघायला जाल त्याच ट्रिपमध्ये एक सकाळ त्यासाठी ठेवा. दस्त इंग्रजी-स्पॅनिश दोन कॉलमांत करता येतो. भारतातून करायचं झालं तर नोटरी, मग राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का), मग स्पेनमान्य अनुवादकाचं भाषांतर, एवढी साखळी लागते. त्यात एक शिक्का राहिला तर कागद परत येतो. मुखत्यारपत्रात विकण्याचा आणि तारण ठेवण्याचा अधिकार देऊ नका. छापील मजकुरात तो बहुधा असतो, सांगून काढून टाका.

स्पेनमधलं बँक खातंही याच टप्प्यात उघडा. बँक तुमच्या पैशाचा उगम विचारणारच : आयकर विवरणपत्रं, मालमत्ता विकली असेल तर त्याचं खरेदीखत, पगाराच्या पावत्या. तीन वर्षांचे कागद पीडीएफ करून सोबत न्या.

## टप्पा ४ : वकील तुमचा असू द्या

मार्बेयात एजंटाचं कमिशन बहुतेक वेळा विकणारा देतो, म्हणजे एजंट कुणाच्या बाजूने आहे हे स्पष्ट आहे. एजंट ज्या वकिलाचं नाव सुचवतो तो चांगला असूही शकतो, पण पुढचा धंदाही त्याला त्याच एजंटाकडून मिळणार असतो. वकील स्वतः शोधा, मालागाच्या वकील-मंडळातला त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि मंडळाच्या यादीत तपासा. फी बहुधा किमतीच्या १ टक्क्याच्या आसपास असते, वर २१ टक्के व्हॅट.

आणि नोटरी म्हणजे तुमचा वकील नव्हे. आपल्याकडे दुय्यम निबंधक जसा दस्ताची नोंद करतो पण घर बेकायदा आहे का याची जबाबदारी घेत नाही, तसंच काहीसं. बांधकाम परवान्यानुसार आहे का, हे नोटरी पाहत नाही.

## टप्पा ५ : भाग

थोडक्यात. मार्बेया गाव आणि पुएर्तो बानुस यांच्यामधला पट्टा म्हणजे गोल्डन माईल. त्याच्या वर डोंगराकडे सिएरा ब्लांका. बानुसच्या मागे नुएवा आंदालुसिया, जिथे गोल्फ मैदानांच्या कडेने व्हिला आहेत. पूर्वेला लोस मोंतेरोस आणि एल्विरिया, पश्चिमेला ग्वादालमिना. रेल्वे मार्बेयापर्यंत येत नाही. मालागा विमानतळावरून रस्त्यानेच यावं लागतं, म्हणून म्हातारी माणसं सोबत असतील तर पूर्वेची बाजू बरी.

महत्त्वाचं एकच : ला सागालेता, एल माद्रोन्याल अशी नावाजलेली ठिकाणं जाहिरातीत "मार्बेया" म्हणून येतात, पण ती बेनाहाविस या शेजारच्या नगरपालिकेत आहेत. परवाने, कर, विकास आराखडा सगळं तिथलं. नगरपालिका कोणती हे ठरल्याशिवाय पुढची तपासणी सुरूच होत नाही.

## टप्पा ६ : घर बघताना

एजंट दुपारी अकरा ते दोनमध्ये घर दाखवतो. उजेड सुंदर असतो, पोहण्याचा तलाव निळाशार असतो. तेच घर संध्याकाळी सातला पुन्हा बघायला मागा. ए-७ महामार्ग जवळ असेल तर त्याचा आवाज तेव्हा कळतो.

सोबत मीटरची टेप, टॉर्च आणि एक नाणं ठेवा. गच्चीच्या आणि तलावाच्या कडेच्या फरशीवर नाण्याने ठोकत चाला. पोकळ आवाज आला तर खाली पाणी शिरलेलं असू शकतं. सपाट गच्च्यांची गळती हे इथल्या व्हिलांचं जुनं दुखणं आहे, आणि विकायच्या आधी भिंती नव्याने रंगवलेल्या असतात. म्हणून रंगाकडे बघू नका, तळघरात जा. आम्ही एका घरात गॅरेजमधल्या कपाटामागे टॉर्च मारला, तर जमिनीपासून वीतभर उंचीवर पिवळट-पांढरी क्षाराची रेघ भिंतभर गेलेली होती. वरच्या दिवाणखान्यात त्याचा मागमूस नव्हता.

डोंगरउतारावरच्या व्हिलात आधारभिंती बघा. आडवी भेग आणि बाहेर आलेलं पोट दिसलं, तर स्वतंत्र अभियंता बोलावल्याशिवाय पुढे जाऊ नका. मैलापाणी नगरपालिकेच्या नळाला जोडलेलं आहे की सेप्टिक टँक आहे, हे विचारा. वीज किती किलोवॅटची मंजूर आहे ते बिलावर बघा. तापवलेला तलाव, एसी आणि गाडीचं चार्जिंग एकदम चालणार असेल तर जुनी मंजुरी पुरत नाही. पाणी किती लागतं तेही विचारा. २०२३-२४ च्या दुष्काळात या किनाऱ्यावर तलाव भरण्यावर निर्बंध आले होते.

आणि टेपने मोजा. प्रत्येक मजला, बंद केलेली गॅलरी, पाहुण्यांची खोली, तलाव. ते आकडे लगेचच्या टप्प्यात लागणार आहेत.

## टप्पा ७ : कागदांची छाननी

आमची गोष्ट इथली. पहिला व्हिला आवडला, एजंट म्हणाला दुसरं गिऱ्हाईक रांगेत आहे, आणि आम्ही १० हजार युरो देऊन टोकनची पावती घेतली. वकील नंतर नेमला. त्याने मागवलेल्या नोंदणी उताऱ्यात एक ओळ होती : तळमजला आणि पहिला मजला मिळून २१२ चौरस मीटर. जाहिरातीत ४३० होते. पाहुण्यांचं घर, तळघरातलं थिएटर आणि तलाव, यातलं काही कागदावर नव्हतंच. पावतीवर "कागद समाधानकारक नसतील तर रक्कम परत" असं लिहिलेलं नव्हतं. पैसे सुटायला चार महिने लागले. हा उतारा दहा-अकरा युरोंत मिळतो आणि मागवायला पाच मिनिटं लागतात. आम्ही तो टोकनच्या आधी मागवला नव्हता, बस एवढंच.

पाहण्याचा क्रम असा :

१. नोता सिंप्ले. नोंदणी कार्यालयाचा उतारा, आपल्या प्रॉपर्टी कार्डासारखा. मालक कोण, बोजा काय, गहाण आहे का, जप्ती आहे का, कोणाला वहिवाटीचा हक्क आहे का, आणि बांधकामाचं वर्णन. तुमच्या टेपवरचे आकडे इथे ताडून बघा.

२. कातास्त्रो. करासाठीची जमीन-इमारत नोंद. २० अक्षर-अंकांचा क्रमांक असतो आणि नकाशा इंटरनेटवर फुकट दिसतो. नोता सिंप्ले, कातास्त्रो आणि प्रत्यक्ष घर अशी तीन मोजमापं शेजारी-शेजारी मांडा. जुन्या व्हिलांत ती क्वचितच जुळतात. फरक कशामुळे आहे याचं उत्तर मिळेपर्यंत सोडू नका.

३. नगरपालिकेचे परवाने. बांधकाम परवाना आणि भोगवटा परवाना. मार्बेयात याला जास्तच वजन आहे. २०१० चा विकास आराखडा २०१५ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि १९८६ चा जुना आराखडा परत लागू झाला. त्याआधीच्या काळात आराखड्याच्या विरोधात दिलेल्या परवान्यांवर उभी राहिलेली हजारो घरं आहेत, आणि २०१० च्या आराखड्याने त्यांतली बहुतेक नियमित केली होती. ते छत्र गेलं. म्हणून "शेजारचे सगळे असेच आहेत" हे उत्तर चालत नाही. या प्लॉटला आज कोणता आराखडा लागू आहे, परवाना कधीचा आहे, कारवाई सुरू आहे का, हे नगरपालिकेच्या दाखल्यासह वकिलाने लेखी द्यायला हवं.

काही घरांना *आसिमिलादो आ फुएरा दे ओर्देनासिओन*, थोडक्यात एएफओ, असा दाखला असतो. आपल्या गुंठेवारीच्या नियमितीकरणाशी गल्लत करू नका. एएफओ म्हणजे घर पाडणार नाहीत, राहता येईल, वीज-पाणी मिळेल, पण वाढवता येणार नाही आणि नव्याने बांधता येणार नाही. किंमत त्या मानाने पडलेली असली पाहिजे.

४. किनाऱ्यालगत असेल तर. आपल्या सीआरझेडसारखा तिथे १९८८ चा किनारा कायदा आहे. सार्वजनिक किनारपट्टीपासून १०० मीटर, आणि पूर्वीपासून शहरी असलेल्या जागेत २० मीटर, संरक्षित पट्टा असतो. हद्दीची रेषा घराच्या कुठून जाते त्याचा नकाशा मागा. समोरच्या बागेतून जात असेल तर बागेचा तेवढा तुकडा तुमचा म्हणता येणार नाही.

५. थकबाकी. मालक-संघाची चालू वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची थकबाकी घराबरोबर तुमच्या गळ्यात येते. संघाच्या सचिवाचा ना-थकबाकी दाखला आणि मागच्या सभांची इतिवृत्तं घ्या. रस्ता किंवा संरक्षक भिंत दुरुस्तीसाठी मोठी वर्गणी ठरलेली असेल तर ती तिथेच दिसते. घरपट्टीच्या (आयबीआय) चार वर्षांच्या पावत्या घ्या.

६. नवीन बांधकाम असेल तर. बांधकाम चालू असलेल्या व्हिलात भरलेल्या प्रत्येक हप्त्याला बँक हमी किंवा विमा मिळणं कायद्याने बंधनकारक आहे. "हमीपत्र नंतर देतो" म्हणाला तर हप्ताही नंतर द्या. पुरं झालेलं नवीन घर असेल तर दहा वर्षांच्या बांधकाम विम्याची प्रत मागा.

> सावध. "हे सगळं नंतर नियमित करून घेता येईल" असं कुणी म्हणालं, तर ते विकणाऱ्याने त्याच्या खर्चाने, खरेदीखताच्या आधी करून द्यावं असं करारात लिहा. तोंडी आश्वासनावर लाखो युरो सोडू नका.

## टप्पा ८ : टोकन, मग इसार

नोता सिंप्ले हातात आल्यानंतरच टोकन. त्याने घर दोन-चार आठवडे बाजारातून काढलं जातं. रक्कम वकिलाच्या ग्राहक-खात्यात ठेवा. पावतीत दोन वाक्यं हवीतच : कागदांची तपासणी समाधानकारक नसेल तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत, आणि तपासणी कोण करणार त्या वकिलाचं नाव.

तपासणी पुरी झाली की *आरास*चा करार. हा आपला इसार, साधारण १० टक्के. स्पेनच्या दिवाणी कायद्याच्या कलम १४५४ प्रमाणे तुम्ही माघार घेतलीत तर इसार जातो, विकणाऱ्याने घेतली तर दुप्पट परत करावा लागतो. करारात इसार याच कलमाखालचा आहे असं स्पष्ट लिहिलेलं असावं, कारण आरासचे इतरही प्रकार आहेत आणि त्यांत हा हिशोब लागू होत नाही.

मुदत ठरवताना तुमचा दुसऱ्या टप्प्यातला तक्ता समोर ठेवा. फेब्रुवारीत करार केला आणि ३१ मार्चची मुदत मान्य केली, तर दुसऱ्या आर्थिक वर्षाची मर्यादा हातात येण्याआधीच मुदत संपते. एप्रिलअखेर किंवा मेपर्यंत मागा. विकणारे बहुतेक वेळा मान्य करतात, फक्त आधी सांगावं लागतं.

## टप्पा ९ : खरेदीखताचा दिवस

आधी खर्च मांडून ठेवा. जुन्या घरावर आंदालुसियात हस्तांतर कर ७ टक्के. नवीन घरावर १० टक्के व्हॅट आणि वर १.२ टक्के मुद्रांक. नोटरी, नोंदणी, वकील धरून जुन्या घराला किमतीवर साधारण १० टक्के, नव्याला १३ टक्के हाताशी ठेवा.

आपल्या रेडी रेकनरसारखा प्रकार तिथेही आहे. कातास्त्रोचं संदर्भमूल्य १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. १५ लाखांना घर घेतलं आणि संदर्भमूल्य १६ लाख असेल, तर ७ टक्के १६ लाखांवर भरावे लागतात, म्हणजे १,०५,००० ऐवजी १,१२,०००. हा आकडा इसाराआधी काढता येतो.

विकणारा स्पेनचा रहिवासी नसेल (मार्बेयात हे सर्रास असतं), तर किमतीच्या ३ टक्के रक्कम तुम्हीच कापून ठेवायची आणि एका महिन्यात कर खात्यात २११ क्रमांकाच्या फॉर्मने भरायची. १५ लाखांवर ४५,००० युरो. कापायला विसरलात तर कर खातं ते तुमच्याकडे मागतं. नगरपालिकेचा जमीन-मूल्यवाढ कर (*प्लुसवालिया*) मुळात विकणाऱ्याचा आहे, पण तो अनिवासी असेल तर नगरपालिका तुमच्या दारात येते. तेवढी रक्कमही वकिलाकडे रोखून ठेवा.

सहीच्या दिवसाचा क्रम : सकाळी ताजी नोता सिंप्ले. मग वकिलाबरोबर घरात एक फेरी, ठरलेल्या वस्तू जागेवर आहेत का, नळ-तलाव-एसी चालतात का. मग नोटरीकडे. नोटरी निवडण्याचा हक्क खरेदीदाराचा असतो. दस्त वाचून दाखवतात. स्पॅनिश येत नसेल तर दुभाषी हवा. सहमालकांची नावं, प्रत्येकाचा हिस्सा, आणि कोणत्या खात्यातून किती पैसे आले याची नोंद तुमच्या तक्त्याशी जुळते का ते तिथेच, सहीआधी, बोट ठेवून वाचा. हिस्से आणि पाठवलेली रक्कम यांचं प्रमाण जुळलं की भारतातल्या सीएला पुढे त्रास होत नाही.

> तपासा. खरेदीखताची नोंद त्याच दिवशी ऑनलाइन नोंदणी कार्यालयात दाखल करायला नोटरीला सांगा. मधल्या दिवसांत विकणाऱ्यावरची एखादी जप्ती तुमच्या आधी नोंदवली जाऊ शकते.

## टप्पा १० : किल्ली मिळाल्यानंतर

हस्तांतर कर भरला गेला, मालकीची नोंद झाली, नवीन नोता सिंप्ले तुमच्या नावाने आली, या तिन्हींच्या प्रती मागून घ्या. वीज, पाणी, संघाची वर्गणी, घरपट्टी, कचरा कर, सगळं बँक खात्यातून आपोआप जाईल असं लावा. दूर राहताना एक न पोचलेली नोटीससुद्धा महागात पडते.

घर भाड्याने दिलं नाही तरी अनिवासी मालकाला दर वर्षी काल्पनिक उत्पन्नावर कर आहे : कातास्त्रो मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के उत्पन्न धरून त्यावर, युरोपीय संघाबाहेरच्यांना, २४ टक्के. २१० क्रमांकाचा फॉर्म, पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत. तो प्रत्येक सहमालकाने वेगळा भरायचा. मला भेटलेल्यांपैकी निम्म्यांना हा कर माहीतच नव्हता, आणि घर विकताना तो व्याजासकट बाहेर आला. स्पेनमधली निव्वळ मालमत्ता ३० लाख युरोंच्या वर जात असेल तर मोठ्या संपत्तीवरच्या एकता कराबद्दलही करसल्लागाराला विचारा.

भारतात राहणाऱ्या प्रत्येक सहमालकाने आयकर विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) घर आणि स्पेनचं बँक खातं दोन्ही दाखवायचं. हा तक्ता कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरतात, त्यामुळे फेब्रुवारीत घेतलेलं घर कोणत्या विवरणपत्रात येतं यात घोळ होतो. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. गृहिणी असलेल्या सहमालकांचं विवरणपत्र पूर्वी भरलं जात नसेल तर ते आता भरावंच लागेल.

शेवटचं काम लोक वर्षानुवर्षं ढकलतात, ते म्हणजे स्पेनमधलं मृत्युपत्र. नोटरीकडे दोन भाषांत होतं, फारसा खर्च नाही, आणि नोंद माद्रिदच्या केंद्रीय नोंदवहीत जाते. ते केलं असेल, तर भारतातलं मृत्युपत्र नव्याने करताना "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत" हे नेहमीचं वाक्य जसंच्या तसं घालू नका. त्यात "स्पेनमधील मालमत्तेविषयीचे मृत्युपत्र वगळून" एवढे शब्द वकिलाकडून टाकून घ्या.